दादाच्या नावाची पद्धत

खोक्यात चौदा वस्तू होत्या. बुचांसकट काचेच्या रिकाम्या बाटल्या सहा. लांब दांड्याचे स्टीलचे चमचे दोन. डोळ्यांवर लावायचा जाड चष्मा एक, डावी काच तडकलेली. रबरी हातमोज्यांची जोडी एक. कॅल्क्युलेटर एक, मफलर एक, कान तुटलेला चहाचा कप एक. आणि पायमोजा, तोही एकच.

बाबांनी मोजदाद दोनदा केली. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुठलीही गोष्ट एकदाच मोजून हातावेगळी करणं त्यांना जमत नव्हतं. बाजारातले दुकानदार त्यांना पाठीमागे ‘काटेसाहेब’ म्हणायचे. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि नव्या दुकानदारांना तर तेच त्यांचं आडनाव वाटायचं.

“पंधरा,” वहिनी म्हणाली. “हातमोजे दोन आहेत, बाबा.”

“जोडी म्हणजे एक नग.”

“मग ह्या पायमोज्याचं काय? अर्धा धरायचा?”

धाकटीने पायमोजा उचलून उजेडात धरला. तळव्याचा भाग हिरवट झाला होता. वहिनीने सांगितलं, की गाळणकागद संपला की साहेब त्यातून गाळायचे. धुतलेला तरी असायचा का, असं धाकटीने विचारलं. कधीकधी, असं वहिनी म्हणाली. तिघंही हसली.

साहेब म्हणजे दादा, धाकटीचा थोरला भाऊ. वहिनी खाणीच्या प्रयोगशाळेत त्याची मदतनीस होती. लग्नाआधी साहेब म्हणायची आणि लग्नानंतरही तेच तोंडात बसलं. दोन वर्षांपूर्वी खाणीच्या रस्त्यावर जीप उलटली, त्यात दादा गेला. वहिनी इथे, शहरात, सासऱ्यांकडे राहायला आली. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं आणि जा असंही नाही. ती राहिली.

खोक्याबरोबर कंपनीची दोन पत्रं होती. पहिल्यात लिहिलं होतं, की खर्चकपातीमुळे प्रयोगशाळा बंद केली असून कपाटातल्या वैयक्तिक वस्तू सोबत पाठवत आहोत. दुसरं पत्र जाड कागदावर होतं. ते भागधारक म्हणून बाबांना आलं होतं.

दादाचं काम काय होतं, ते धाकटी कुणालाही चार वाक्यांत सांगू शकायची. ती स्वतः रसायनशास्त्र शिकलेली, आणि शहरातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत लोकांची माती, सिमेंट, दगड तपासून देत असे. खाणीतला दगड दळून पिठासारखा करायचा, पाण्यात कालवायचा आणि खालून हवा सोडायची. तांब्याच्या कणांवर योग्य रसायनाचा तेलकट थर बसला, की ते कण पाण्याला विटतात आणि बुडबुड्यांना चिकटून वर येतात. वरचा फेस काढून घेतला की त्यात तांबं मिळतं, खाली गाळ उरतो. सगळ्या खाणी त्यासाठी एक पिवळी पूड वापरतात, कुजक्या कोबीसारखा वास मारणारी. दादाने तिच्याऐवजी तेलबियांच्या चोथ्यापासून एक द्रव तयार केला. त्याला वास नव्हता, विषारीपणा नव्हता, आणि चोथा तर लोक फुकट द्यायचे. कंपनीच्या कागदांवर त्या द्रवाला लांबलचक नाव होतं. रंगावरून वहिनीने ‘मध’ म्हटलं, आणि खाणीवर सगळे तेच म्हणायला लागले.

मध घातला की दगडातल्या शंभर भाग तांब्यापैकी त्र्याऐंशी भाग फेसात यायचे. मधाशिवाय बेचाळीस. ह्या दोन आकड्यांवर कंपनीने आपलं सगळं भविष्य बेतलं होतं. तिची स्वतःची खाण संपत आली होती. वार्षिक सभेत चेअरमननी बोलून दाखवलं होतं, की खाण हा खड्डा असतो आणि खड्ड्याला तळ असतो. पद्धतीला तळ नसतो. ती आज ह्याला वापरायला द्यावी, उद्या त्याला, आणि दर टनामागे रॉयल्टी घ्यावी. बाबा त्या सभेला इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते. घरी आल्यावर त्यांनी ते सगळं भाषण जेवताना पुन्हा करून दाखवलं होतं.

बाबांनी त्याआधी शेअर बाजाराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दादाची पद्धत कंपनीने घेतली तेव्हा त्यांनी निवृत्तीचे पैसे तिच्या शेअरमध्ये घातले. दादा गेल्यावर नुकसानभरपाई मिळाली, तीही वहिनीला विचारून तिथेच घातली. आजवर तीन खाणींनी परवाना घेतला होता, आणि प्रत्येक परवान्याच्या पहिल्या पानावर पद्धतीचं नाव म्हणून दादाचं नाव छापलेलं होतं. तिसऱ्या परवान्याची प्रत बाबांनी मागवून घेतली होती. ते पान त्यांनी ज्याला दाखवलं नाही असा पाहुणा त्या घरातून परत गेला नव्हता.

पण तिन्ही खाणींनी रॉयल्टी थांबवली होती. त्यांचं म्हणणं एकच होतं: मध घालूनही आमच्याकडे चाळीसच्या वर काही निघत नाही. कंपनीचं म्हणणं, त्यांना चालवता येत नाही. आता कंपनीला पैसे हवे होते. जुन्या भागधारकांनी नवे शेअर घ्यावेत, नाहीतर परवान्यांचा विभाग बंद करावा लागेल, असं जाड कागदावरचं पत्र सांगत होतं.

“म्हणजे नाव जाईल,” बाबा म्हणाले.

घर विकायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं आणि पुढच्या सोमवारी करारावर सही व्हायची होती. कंपनीचा एक माणूस भागधारकांना फोन करायचा. इतकं लाघवी बोलायचा, की वहिनीने त्याचं नाव ‘गोडबोल्या’ ठेवलं होतं. त्याने बाबांना सांगितलं होतं, की साहेबांच्या वडिलांनीच पाऊल मागे घेतलं तर बाकीच्यांना आम्ही कुठल्या तोंडाने विचारायचं. हे वाक्य बाबांनी धाकटीला दोनदा ऐकवलं. दोन्ही वेळा त्यांचा आवाज थोडा बदलला.

धाकटीने वहिनीला एकटीला गाठून विचारलं, की घर गेलं तर तुम्ही दोघं राहणार कुठे.

“भाड्याच्या दोन खोल्या बघितल्यात मी,” वहिनी म्हणाली. “बाबांचं सामान म्हणजे एक काटा आणि चार वजनं. माझं ते खोकं. कितीशी जागा लागणार?”

त्या शनिवारी दुपारी वहिनी स्वयंपाकघरात चादरींना इस्त्री करत होती आणि धाकटी ओट्याशी बसून चहा पीत होती. तिला खरं तर त्या तीन खाणींचं कोडं सुटत नव्हतं. एका खाणीला चालवता येत नसेल, तिन्हींना कसं येत नसेल? म्हणून ती सहज विचारल्यासारखं एकेक विचारत गेली. दगड किती बारीक दळायचात? किती वेळ ढवळायचात? वहिनीला असं कुणी दोन वर्षांत विचारलं नव्हतं. ती इस्त्री बाजूला ठेवून सांगायला लागली. हातांनी दाखवायला लागली.

खाणीवर पाण्याचा भारी तोटा. टँकर यायचा, त्यातलं पाणी पिण्याचं. कामाच्या पाण्याची मागे एक मोठी टाकी होती. जुना प्लांट तिच्यातून पाणी घ्यायचा, दादाचा छोटा प्लांटही तिच्यातूनच घ्यायचा, आणि वापरलेलं पाणी गाळ बसवून दोन्हीकडून पुन्हा तिच्यातच जायचं. वर्षानुवर्षं तेच पाणी फिरत होतं. कुणी बादलीभर बाहेर ओतलं तर फोरमन त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: नळ बंद, तोंड बंद, मग काम सुरू.

“आणि दादाची कोरी चाचणी? मध न घालता करायचा ती?” धाकटीने विचारलं.

“तिच्यासाठी माझा वेगळा कॅन होता,” वहिनी अभिमानाने म्हणाली. “डिस्टिल्ड पाण्याचा. साहेब म्हणायचे, कोरी म्हणजे कोरी, टाकीच्या घाण पाण्यात कसली कोरी चाचणी? शहरातून यायचा तो कॅन. मी त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाही.”

“आणि मध घालून करायची ती?”

“ती टाकीच्या पाण्यात. प्लांटमध्ये शेवटी तेच पाणी जाणार ना गं.”

धाकटीने कप खाली ठेवला. दोन चाचण्यांत एकच गोष्ट वेगळी असावी लागते, हे तिला दादानेच शिकवलं होतं. ती शाळेत असताना, दोन कुंड्या आणि एक झाकण घेऊन. इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एका भांड्यात मध होता आणि दुसऱ्यात नव्हता. पण त्याच पहिल्या भांड्यात टाकीचं पाणी होतं, आणि त्या पाण्यात शेजारच्या जुन्या प्लांटची पिवळी पूड रोज उतरत होती. दादाने हयगय केली नव्हती. कोरी चाचणी शक्य तितकी कोरी ठेवायला तो गेला होता. ज्या खाणीवर चांगलं पाणी कामाला वापरणं म्हणजे पाप, तिथे त्याने महागडं पाणी आणून ते चुकीच्या भांड्यात ओतलं होतं. आणि ज्यांनी परवाने घेतले त्या तिन्ही खाणी नदीकाठी होत्या. त्यांच्याकडे पाणी वाहतं, स्वच्छ होतं.

वहिनीने पुन्हा इस्त्री हातात घेतली होती. धाकटीला तिच्याकडे बघवेना.

रविवारी सकाळी तिने बाबांना गॅलरीत गाठलं आणि सगळं सांगितलं. सांगताना ती मुद्दाम हळू बोलत होती. बाबा समोरच्या इमारतीकडे बघत बोलले.

“तू त्याची परीक्षा घेणार.”

“मधाची घेणार, बाबा.”

“तो असता तर त्याच्याशी भांडली असतीस. आता भांडायलाही कुणी नाही, म्हणून मला सांगतेस.”

ते खरं होतं. तिने एवढंच सांगितलं, की टाकीचं पाणी मागवायचं आणि त्याच पाण्यात दोन चाचण्या करायच्या, एक मध घालून आणि एक न घालता. मधाची टक्केवारी खाली आली आणि कोऱ्या चाचणीची आणखी खाली आली, तरी दादा बरोबर. मग तुम्ही खुशाल सही करा, मी तुमच्याबरोबर येईन. पण दोन्ही सारख्या आल्या, तर जे तांबं वर येत होतं ते पुडीमुळे येत होतं, मधाचा त्यात काही वाटा नाही. मग घर विकायचं नाही.

“सारख्या म्हणजे किती सारख्या?” निरीक्षकाने विचारलं.

“एका टक्क्याच्या आत.”

बाबांनी मान डोलावली. तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. वहिनी वाळत घालायचे कपडे घेऊन उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही कळलं नाही. तिने बादली खाली ठेवली.

“ते डिस्टिल्ड पाणी मी आणून द्यायचे,” ती म्हणाली. “माझ्या हातानं.”

बाबा उठले आणि तिच्यापाशी गेले. त्यांनी बादलीतला एक शर्ट उचलला, झटकला आणि दोरीवर टाकला. मग दुसरा. वहिनी बघत राहिली, आणि मग त्यांच्या हातात चिमटे देऊ लागली. कपडे संपल्यावर तिने सांगितलं, की चाचणी करायचीच तर फेस मीच काढणार. आधीच्या सगळ्या चाचण्यांना हात माझा होता, ह्याही वेळी तोच असला पाहिजे.

सोमवारची सही बाबांनी दोन आठवडे पुढे ढकलली. वहिनीने खाणीवरच्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून दळलेल्या दगडाची पिशवी आणि टाकीच्या पाण्याचे दोन कॅन मालगाडीने मागवले. मधासाठी बाबांनी गोडबोल्याला फोन केला. खोक्यातल्या बाटल्यांच्या तळाला चिकटलेला चालणार नाही, ताजा आणि सीलबंद पाहिजे, असं त्यांनी ठणकावलं. कशासाठी, असं त्याने लाघवीपणे विचारलं. विकत घ्यायच्या मालाची तपासणी करायची आमच्या खात्याची जुनी खोड आहे, असं बाबांनी त्याला सांगितलं. डबा आला. सील त्यांनी भिंग लावून पाहिलं.

तपासणी प्रयोगशाळा इमारतीच्या तळघरात होती. सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी नसायचं. पंख्याचा आवाज, भट्टीची ऊब, आणि ओल्या मातीचा वास जो कितीही पुसलं तरी जायचा नाही. कॅनचं बूच उघडताच आणखी एक वास आला, अगदी पुसट, कुजक्या कोबीचा. वहिनीने धाकटीकडे बघितलं. वर्षानुवर्षं रोज त्या वासात उभं राहिल्यावर तो येईनासा होतो, असं ती म्हणाली. जणू कुणीतरी तिला जाब विचारला होता.

बाबांनी आपली एक अट घातली. दुकानात तपासणी करताना दुकानदाराला काट्यासमोर उभं राहू देत नसत, तसं इथेही व्हायला हवं. मध कुठल्या भांड्यात पडतो हे दोघींनाही कळता कामा नये. म्हणून दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि बाबांनी दोन भांड्यांवर ‘क’ आणि ‘ख’ अशा चिठ्ठ्या चिकटवून एकात मधाचे थेंब टाकले आणि दुसऱ्यात तितकेच थेंब पाण्याचे. फेस धरणारं तेल धाकटीने दोन्हींत सारखं घातलं.

“साहेबांना कळलं तर काय म्हणतील,” वहिनी भिंतीला म्हणाली. “आख्खं खानदान कोपऱ्यात उभं.”

धाकटीला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. तिने ते बाहीला पुसले.

मोटर सुरू झाली. हवा सुटली. करड्या पाण्यावर फेस उभा राहिला, काळपट सोनेरी, आणि वहिनी लाकडी पट्टीने तो काठावरून ओढून ताटलीत घ्यायला लागली. हात एका लयीत जात होता, खोल नाही, वरवरही नाही. दादाचा हात असाच जायचा. तिने त्याच्याकडून घेतला की त्याने तिच्याकडून, हे आता विचारून उपयोग नव्हता. बाबा स्टुलावर बसून ते बघत होते. त्यांनी मुलाला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. खाणीवर या म्हणून तो दरवर्षी बोलवायचा, आणि दरवर्षी ते पुढच्या वर्षी म्हणायचे. एका भांड्याचा फेस संपल्यावर त्यांनी वहिनीला विचारलं, की रोज असंच असायचं का.

“रोज,” ती म्हणाली. “साहेब गुणगुणायचे. बेसूर.”

फेस आणि गाळ वेगवेगळे गाळून भट्टीत सुकायला ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाकीचे कामावरून गेल्यावर, तिघं पुन्हा तळघरात जमली. सुकलेली पूड बाबांनी स्वतः तोलली, प्रत्येक ताटली तीनदा. धाकटीने ती आम्लात विरघळवली, तांबं मोजणाऱ्या यंत्राला प्रमाणित द्रावणं दाखवून घेतली आणि आकडे मांडले.

‘क’चा आकडा आधी तिच्या हाती आला. तिने गणित दोनदा तपासलं.

“क,” ती म्हणाली. “त्र्याऐंशी पूर्णांक एक.”

वहिनीने तोंडावर हात ठेवला. तो दादाचाच आकडा होता. तिन्ही परवान्यांवर छापलेला.

बाबा स्टुलावरून उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हसू त्यांच्या चेहऱ्यावर एका बाजूने यायला लागलं, जसं दादा लहानपणी पहिल्यांदा चालला तेव्हा आलं असेल.

“सांगायचं नव्हतं, पण सांगतो,” ते म्हणाले. “मध ‘क’मध्येच घातला होता. बघ. म्हटलं नव्हतं तुला? त्याचा हिशेब चुकायचा नाही.”

“बाबा, ‘ख’ राहिलाय.”

“हो, हो. तो कर. तो केलाच पाहिजे.”

ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिच्या खांद्यावर त्यांचा हात होता आणि हलका हलका थापटत होता, लहानपणी झोपवताना थापटायचे तसा. वहिनी दुसऱ्या बाजूला उभी राहिली. धाकटीने बारीक नळी ‘ख’च्या द्रावणात बुडवली. पडद्यावरचा आकडा वर गेला, थोडा खाली आला, स्थिरावला. तिने तो उतरवून घेतला. गाळाचंही वाचन घेतलं. वजनं मांडली, भागाकार केला, पुन्हा एकदा केला.

‘ख’मधून त्र्याऐंशी पूर्णांक चार टक्के तांबं वर आलं होतं.